कागद हातात पडेपर्यंत

मोठ्या कंपनीत ‘तुमच्याकडे प्रिंटर किती?’ असं विचारलं तर तीन वेगवेगळे आकडे मिळतात. लेखा विभागाच्या मालमत्ता नोंदवहीत एक आकडा असतो. आयटीवाले प्रिंट सर्व्हरवरच्या क्यू मोजून दुसरा सांगतात. एसएपीसारख्या प्रणालीत नोंदलेली आउटपुट डिव्हाइस मोजली तर तिसराच आकडा निघतो, आणि तो बहुधा पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा असतो. यात कोणी लबाडी केलेली नसते. यंत्र भंगारात जातं, त्याची क्यू मात्र कोणी पुसत नाही. एकाच यंत्राचे दोन ट्रे दोन नावांनी नोंदलेले असतात, कारण वरच्यात साधा कागद आणि खालच्यात लेटरहेड. नवे साहेब येतात, केबिनमध्ये स्वतःचा प्रिंटर मागतात, तो यूएसबीने लॅपटॉपला जोडला जातो आणि कुठल्याच यादीत येत नाही. हे तीन आकडे जुळवण्याचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

विषय तसा दुर्लक्षित. सर्व्हर, डेटाबेस, सुरक्षा यांच्यासाठी माणसं असतात, बैठका होतात, अंदाजपत्रकात तरतूद असते. प्रिंटर बघायला मात्र नुकता लागलेला मुलगा किंवा कंत्राटदाराचा सर्व्हिस इंजिनिअर पुरतो असा समज आहे. शिवाय ‘आता पेपरलेसच होणार’ हे पालुपद आहेच. अमेरिकेतल्या ‘बिझनेस वीक’ने १९७५ साली भविष्यातल्या ऑफिसवर लेख छापला, त्यातही कागद कमी होण्याची चर्चा होती. तेव्हापासून कागद चाललाय, चाललाय असं ऐकू येतं. पत्रव्यवहाराचा कागद खरोखरच बराचसा गेला. जो उरला तो हट्टी आहे: ट्रकसोबत जाणारा, खोक्यावर चिकटणारा, रुग्णाच्या मनगटावर बांधला जाणारा, पासबुकात उमटणारा. ऑफिसातलं इतिवृत्त छापलं गेलं नाही तर कोणाचं बिघडत नाही. हा कागद आला नाही तर काम जागच्या जागी थांबतं. म्हणजे पानांची संख्या घटली तरी उरलेल्या प्रत्येक पानाचं वजन वाढलं आहे, आणि व्यवस्थापनाच्या हे सहसा लक्षात येत नाही.

एक साधा प्रवास बघा. चाकणच्या एखाद्या कारखान्यात डिस्पॅचचा माणूस एसएपीत बिल तयार करतो आणि प्रिंटचं बटण दाबतो. ट्रक बाहेर उभा आहे. ज्या सर्व्हरवर ही आज्ञा पोचली तो मुंबईत असेल, नाही तर थेट जर्मनीत. तिथे आधी स्पूल रिक्वेस्ट तयार होते, म्हणजे काय छापायचं ते साठवलं जातं. मग आउटपुट रिक्वेस्ट: कुठे छापायचं, किती प्रती. स्पूल वर्क प्रोसेस तो मजकूर त्या प्रिंटरला कळेल अशा भाषेत, पीसीएलमध्ये किंवा पोस्टस्क्रिप्टमध्ये, बदलते आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्पूलरकडे सोपवते. स्पूलर प्रिंट सर्व्हरकडे देतो, प्रिंट सर्व्हर नेटवर्कवरून यंत्राकडे. प्रत्येक टप्प्यावर सोपवणाऱ्याच्या लेखी काम संपलेलं असतं. एसपी०१ या ट्रान्झॅक्शनमध्ये जॉबपुढे ‘पूर्ण’ दिसतं, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ इतकाच की एसएपीने आपल्या हातातलं पुढच्याच्या हातात दिलं. पुढच्या स्पूलरला ‘त्याचं काय झालं?’ असं विचारण्याची सोय आहे. पण हजारो जॉबमागे अशी विचारणा करत बसलं तर स्पूलची गती मंदावते, म्हणून प्रिंटरच्या मांडणीच्या एसपीएडी या ट्रान्झॅक्शनमध्ये तसा पर्याय निवडून ही विचारणा बंद ठेवतात. तो निर्णय बरोबरही असतो. मग डिस्पॅचवरून हेल्पडेस्कला फोन जातो, हेल्पडेस्क सांगतो की सिस्टिममध्ये तर प्रिंट झालेली दिसते. दोघंही खरं बोलत असतात. ट्रक उभाच असतो.

मला या पुस्तकात जे म्हणायचं आहे ते इथेच सांगून टाकतो. प्रिंटरचा ताफा नीट सांभाळला जातोय की नाही, हे कागदाची वाट बघणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून ठरवावं. त्याच्या हातात कागद पडला तर काम झालं. सर्व्हरवरचे हिरवे दिवे, टोनरचे आलेख, महिनाअखेरचे अहवाल हे सगळं या एका मापाने तपासून घ्यावं.

कागद न येणं हीसुद्धा बातमी असते. ती न ऐकल्याची फार मोठी किंमत ढाक्यात मोजावी लागली. बांगलादेश बँक ही त्या देशाची मध्यवर्ती बँक. तिच्या स्विफ्ट यंत्रणेला जोडलेल्या एका प्रिंटरवर आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश आपोआप छापले जायचे. ५ फेब्रुवारी २०१६ हा शुक्रवार होता, म्हणजे तिथला साप्ताहिक सुट्टीचा दिवस. कर्मचाऱ्यांना दिसलं की आदल्या दिवसाचे संदेश छापलेच गेलेले नाहीत. प्रिंटर बिघडला असेल, असं त्यांनी मानलं. नवल नाही, प्रिंटर बिघडतातच. प्रत्यक्षात चोरांनी आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश धाडले होते, एकूण सुमारे ९५.१ कोटी डॉलर हलवण्याचे. माग लागू नये म्हणून त्यांच्या घुसखोर सॉफ्टवेअरने छापील नोंदींमध्येही ढवळाढवळ केली होती. प्रिंटर पुन्हा चालू झाला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या शंका एकेक करून बाहेर पडल्या, पण तोवर तिकडे शनिवार-रविवार लागला होता. बहुतेक आदेश अडले, तरी १०.१ कोटी डॉलर निघून गेले. श्रीलंकेला गेलेले दोन कोटी परत मिळाले. मनिलातल्या बँकेत पोचलेल्या ८.१ कोटींपैकी बरीच रक्कम कॅसिनोंमधून नाहीशी झाली.

या प्रकरणावर बोलताना लोक स्विफ्टबद्दल बोलतात, उत्तर कोरियावरच्या संशयाबद्दल बोलतात. माझं लक्ष त्या गप्प बसलेल्या यंत्रावर जातं. रोज ठरावीक वेळी ज्यावर कागद येतो ते यंत्र त्या वेळी गप्प राहिलं, तर ते कोणाला तरी तत्काळ कळायला हवं. टोनर संपत आल्याची सूचना कुठलंही सॉफ्टवेअर देतं. ‘नेहमी येणारं पान आज आलं नाही’ ही सूचना लावलेली कंपनी मात्र शोधावी लागते. पुस्तकात याला मी पूर्ण प्रकरण दिलं आहे, त्याच्या लांबीबद्दल कुरकुर झाली तरी चालेल.

वाट बघणाऱ्यालाच सूचना देण्याची कल्पना नवी नाही. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक भर घातली होती. कागद अडकला की ज्यांचे जॉब रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर तसा संदेश यायचा. १९८०च्या सुमारास झेरॉक्सने भेट दिलेला लेझर प्रिंटर आला, त्याचा सोर्स कोड मिळेना आणि ही सोय करता येईना. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या इतिहासात या चिडीचा उल्लेख नेहमी येतो. त्या संदेशाचा पत्ता मात्र फारसं कोणी बघत नाही. तो यंत्र सांभाळणाऱ्याला जात नव्हता, कागदाची वाट बघणाऱ्यांना जात होता, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी उठून कागद सोडवायचा. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही आपल्या कंपन्यांत सूचना जाते ती आयटीच्या सामायिक मेलबॉक्सवर, जिथे ती रविवारी रात्री कोणी वाचत नाही.

नेटवर्कवरून छापण्याच्या पद्धती तीनच धरून चाला. बर्कली युनिक्समधली एलपीडी, जी १९९०मध्ये आरएफसी ११७९ म्हणून लिहून ठेवली गेली आणि अजून जिवंत आहे. एचपीच्या जेटडायरेक्टमुळे रुळलेली ९१०० पोर्टवर नुसते बाइट ओतण्याची रीत. आणि ६३१ पोर्टवरची आयपीपी, जिच्यात यंत्राशी सवाल-जवाब नीट करता येतात. पहिल्या दोन साध्या आहेत म्हणून टिकल्या. तिसरी शहाणी आहे म्हणून पुढे तीच राहील.

एसएपीच्या बाजूला काही गोष्टी सुरुवातीलाच नीट केल्या तर पुढची वर्षं सोपी जातात. पहिली गोष्ट, वाट बघण्याचं काम कोणी करायचं? स्पूल वर्क प्रोसेस दूरच्या प्रिंटरशी थेट बोलायला लावली आणि तो प्रिंटर बंद असला, तर उत्तराची वाट बघत ती प्रोसेस अडकते आणि तिच्यामागे दुसऱ्याच कोणाची तरी पानं खोळंबतात. त्यापेक्षा जॉब लगेच ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्पूलरकडे द्यावा आणि ताटकळणं त्याच्यावर सोपवावं. दुसरी गोष्ट, महिनाअखेरचे हजार पानी अहवाल आणि डिस्पॅचची बिलं एका रांगेत घालू नयेत. एसएपीत त्यासाठी उत्पादन छपाई, मोठी छपाई, टेबलावरची छपाई, चाचणी असे वर्ग दिलेले आहेत, पण ते न भरता पुढे गेलेल्या मांडण्याच जास्त दिसतात. तिसरी गोष्ट अगदी किरकोळ वाटते: जुन्या स्पूल रिक्वेस्ट पुसणं. मूळ मांडणीत स्पूल क्रमांकांची मर्यादा ३२,००० असते. पुसण्याचा रोजचा जॉब कोणी बंद केला असेल आणि क्रमांक संपले, तर त्या दिवशी सगळ्या कंपनीत कोणालाच काही छापता येत नाही.

नावांबद्दल मी जरा हटवादी आहे. प्रिंटरचं नाव जागेवरून ठेवावं: गाव, इमारत, विभाग, क्रमांक. माणसाच्या नावावरून ठेवलं तर माणूस बदली होऊन जातो. कंपनीच्या किंवा मॉडेलच्या नावावरून ठेवलं तर यंत्र बदलतं आणि नाव खोटं बोलत राहतं. एसएपीत प्रत्येक आउटपुट डिव्हाइसला चार अक्षरांचं छोटं नाव असतं, त्यातून अर्थ काढण्याच्या फंदात पडू नये. मोठ्या नावाला ३० अक्षरं मिळतात, ती वापरावी. आणि तेच नाव मोठ्या अक्षरांत छापून यंत्रावर चिकटवावं. हेल्पडेस्कचे निम्मे प्रश्न ‘तुमचा प्रिंटर कुठला?’ इथेच अडतात, आणि या कामाला कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

याच्याशी जोडलेला आणखी एक घोळ आहे. प्रॉडक्शन सिस्टिमची प्रत काढून चाचणीची सिस्टिम ताजी करतात, तेव्हा प्रिंटरच्या नोंदीही तिच्यासोबत येतात. कोणी सल्लागार पुण्यात बसून शंभर चाचणी डिलिव्हरी तयार करतो आणि दुसऱ्या गावच्या गोदामात खरीखुरी चलनं छापून बाहेर पडतात. रात्रपाळीचा माणूस ती खरी समजून माल काढायला लागतो. प्रत काढल्यानंतरच्या कामांच्या यादीत ‘प्रिंटर कुलूपबंद करा’ ही ओळ पहिल्या पाचांत असावी.

यंत्रांवर नजर ठेवण्यासाठी एसएनएमपी आहे. प्रिंटरकडून कोणती माहिती कशी घ्यायची याचं प्रमाण आरएफसी १७५९ मध्ये १९९५ला ठरलं आणि २००४मध्ये आरएफसी ३८०५ ने सुधारलं. पानांच्या मोजणीचा आकडा, कोणतं झाकण उघडं आहे, कोणता ट्रे रिकामा, सगळं मिळतं. पण यंत्र सांगेल ते सगळं ऐकू नका. टोनरच्या जागी उणे तीन असा आकडा आला तर प्रमाणानुसार त्याचा अर्थ ‘थोडा शिल्लक आहे, किती ते ठाऊक नाही’ असा होतो. तो न समजणारी सॉफ्टवेअरं आलेखात काहीतरी भलतंच दाखवतात. विंडोजच्या प्रिंट सर्व्हरवर चांगला चालणारा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसायला लागला, तर आधी पोर्टच्या मांडणीत एसएनएमपीची खूण तपासा. सुरक्षेसाठी कोणी ‘पब्लिक’ हा मूळ परवलीचा शब्द यंत्रावर बदललेला असतो आणि सर्व्हर अजून जुन्याच शब्दाने हाक मारत असतो. सर्व्हिस इंजिनिअरला बोलावण्याआधी हे बघितलं तर एक खेप वाचते.

सुरक्षा म्हटलं की २०२१चा पावसाळा आठवतो. विंडोजचा प्रिंट स्पूलर सर्वोच्च अधिकारांनी चालतो आणि मूळ मांडणीत जवळजवळ प्रत्येक संगणकावर चालू असतो, ज्या डोमेन कंट्रोलरवरून कोणी कधी पान काढत नाही त्यावरसुद्धा. २०१०मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घुसखोर सॉफ्टवेअरनेही पसरण्यासाठी स्पूलरमधलीच एक फट वापरली होती. जून-जुलै २०२१मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेली त्रुटी समोर आली आणि मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या तारखेची वाट न बघता जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती सोडावी लागली. खरा गोंधळ ऑगस्टमध्ये झाला. तेव्हाच्या अपडेटनंतर प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले, आणि काल छापणाऱ्या लोकांना आज पासवर्डची खिडकी दिसू लागली. काही ठिकाणी घाईघाईने ती अटच काढून टाकली गेली, म्हणजे दार पुन्हा सताड उघडं. ज्यांच्याकडे वेगवेगळ्या मॉडेलचे चाळीस-पन्नास ड्रायव्हर होते त्यांची दैना झाली. ज्यांनी आधीच दोन-तीन युनिव्हर्सल ड्रायव्हरवर भागवलं होतं त्यांनी ते एकदा सगळीकडे ढकलले आणि ते मोकळे झाले.

त्यातून विंडोजची दिशाही बदलली. बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरना दिला जाणारा आधार टप्प्याटप्प्याने थांबवू, असं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. आयपीपीवर चालणारी, ड्रायव्हरविना छपाई हा पुढचा रस्ता आहे. लिनक्स आणि मॅकच्या जगात सीयूपीएस या छपाई प्रणालीने तो आधीच धरला. अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही: सप्टेंबर २०२४मध्ये सीयूपीएससोबत येणाऱ्या, प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या घटकात गंभीर त्रुटी सापडल्या. माझं मत असं की ड्रायव्हरविना छपाईने ऑफिसचा प्रश्न सुटेल, कारखान्याचा लगेच सुटणार नाही. लेबल छापणारी थर्मल यंत्रं, पासबुक प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स ही मंडळी या नव्या जगात पाहुण्यासारखी वावरतात. त्यांच्यासाठी वेगळी वाट राखून ठेवावी लागेल, आणि ती किती वर्षं लागेल याचा अंदाज विक्रेत्याच्या सादरीकरणावरून करू नये.

डॉट मॅट्रिक्सचा विषय निघाला की तरुण अभियंते हसतात. पण मालाच्या बिलाच्या तीन प्रती, ग्राहकाला, वाहतूकदाराला आणि स्वतःला, हा जीएसटीच्या नियमांतला भाग आहे, आणि कार्बनवर एका ठोक्यात तीन प्रती उमटवणारं दुसरं स्वस्त यंत्र नाही. गंमत अशी की ई-इनव्हॉइसला ही तीन प्रतींची अट लागू नाही, आणि रस्त्यावर तपासणीच्या वेळी त्याचा क्यूआर कोड मोबाइलवर दाखवला तरी चालतो. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. तरीही गेटवरचा सुरक्षारक्षक शिक्का मारायला कागद मागतो, ट्रान्सपोर्टवाला कागद मागतो, आणि समोरच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये कागदाशिवाय माल उतरत नाही. कायदा बदलला म्हणून गेटवरची पद्धत बदलत नाही, आणि प्रिंटरची संख्या गेटवरच्या पद्धतीवर ठरते. शिवाय तो क्यूआर कोड नीट वाचता यायला हवा. झिजलेल्या रिबनवर अक्षर कसंबसं ओळखता येतं, कोड अजिबात वाचला जात नाही.

मराठीत छापायचं असेल तर आणखी एक पायरी वाढते. बहुतेक प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. असली तरी एका संकेताला एक आकृती एवढ्यावर आपली लिपी भागत नाही. ‘कि’मधली वेलांटी साठवताना ‘क’च्या नंतर असते आणि कागदावर आधी यावी लागते, ‘क्ष’ तीन संकेतांचा मिळून एक होतो. ही जुळणी यंत्राकडे पाठवण्याआधी करावी लागते आणि मग फॉन्टसह किंवा चित्र म्हणून पान पाठवावं लागतं. पान जड होतं, तालुक्याच्या गावातल्या शाखेच्या लाइनवर ते रेंगाळतं. आउटपुट डिव्हाइसचा प्रकार चुकीचा निवडला तर एसएपी न जमणाऱ्या अक्षराच्या जागी # छापून मोकळं होतं, आणि नावाच्या जागी जाळ्यांची रांग असलेली पावती घेऊन सभासद काउंटरवर येतो. इंग्रजी बिलांवर चाचणी करून मराठी पावत्यांना मंजुरी देणारे प्रकल्प मी पाहिले आहेत. चाचणीच्या यादीत ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘लक्ष्मी’ ही तीन नावं घाला, बरंचसं तिथेच कळेल.

पैशाबद्दल थोडक्यात. पानामागे दर ठरवून यंत्रं भाड्याने घेण्याची कंत्राटं आता सर्रास होतात आणि ती सहसा फायद्याची असतात. एकच गोष्ट जपा: पानांचा आकडा कंत्राटदाराच्या अहवालातून घेऊ नका, स्वतः एसएनएमपीने वाचा. टोनरच्या डब्यावरची पानसंख्या सुमारे पाच टक्के शाई लागणाऱ्या पानावर मोजलेली असते. तुमच्या कंपनीचं पान गडद पट्ट्यांनी भरलेलं असेल तर तो आकडा विसरा. कार्ड लावल्यावरच पान सोडणारी पद्धत ऑफिसात जरूर आणा. प्रिंटरवर बेवारस पडलेले पगाराचे तक्ते त्याने बंद होतात. डिस्पॅचला मात्र ती लावू नका, तिथे हातमोजे घातलेला माणूस कार्ड शोधत बसेल.

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायलाच हवं असं नाही. एसएपी नसेल तर मधली तीन प्रकरणं सोडून द्या, दुसऱ्या प्रणालींत नावं बदलतात आणि तत्त्वं जवळपास तीच राहतात. फक्त पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. आपल्या कंपनीत आला नाही तर ट्रक, रुग्ण किंवा ग्राहक थांबून राहील असा कागद कोणता, त्याची यादी करा, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या यंत्रावर येतो, ते बंद पडलं तर कुठे यायचा आणि रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा ते लिहा. ही यादी आयटीच्या खोलीत बसून होणार नाही. डिस्पॅचला, स्टोअरला, काउंटरवर जाऊन विचारा. ती माणसं दहा मिनिटांत सांगतील.